बिनकिडीची वांगी

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की आमचं गाव निम्मं रिकामं होतं, आणि मागे राहिलेल्यांना फारसं काम उरत नाही. ज्याला काम नाही तो संशय घेत बसतो. मी बिभीषण, गावचा शिंपी. चकलांब्याकडून येताना ओढ्याच्या अलीकडे जे गाव लागतं ते आमचं. माझं मशीन अंगदच्या कृषी सेवा केंद्राला लागून आहे, मध्ये फक्त पत्रा. अंगदच्या दुकानात काय विकलं जातं आणि काय बोललं जातं, ते मशीन थांबवलं की मला ऐकू येतं. मी मशीन बऱ्याचदा थांबवतो.

ह्या वर्षी बायनाबाई आणि तिचा नवरा म्हाळू टोळीबरोबर गेले नाहीत. म्हाळूला जाताच येत नव्हतं. पूर्वी तो लोकांच्या कापसावर रोजाने फवारणी करायचा. एका भादव्यात वारं फिरलं, औषध तोंडावर आलं आणि त्याला बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं. जीव वाचला, पण तेव्हापासून हात थरथरतात. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली तरी अर्धा चहा मांडीवर सांडतो. असला माणूस कोयता काय धरणार? उसाच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणून मुकादम बायनाबाईला म्हणाला, अर्धा कोयता म्हणून तुला एकटीला घेतो. ती म्हणाली, यंदा नको. मग तिने घरामागच्या तुकड्यात वांगी लावली. वांगी चालली तर गावात राहायचं, नाही चालली तर थरथरत्या नवऱ्याला घेऊन फडावर जायचं आणि उसाच्या मोळ्या एकटीने वाहायच्या. हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट तिने पक्की ठरवली होती. औषधाची बाटली दारात येऊ द्यायची नाही. त्याऐवजी नवरा-बायको रोज उजाडताच वाफ्यातून फिरत. अळी आधी शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. तो दिसला की खुडायचा आणि चुलीत घालायचा. शेंडा खुडायला हात थरथरले तरी चालतं, त्यामुळे म्हाळूलाही कितीतरी दिवसांनी काम मिळालं होतं. तुकड्यात मधेमधे काठ्यांवर प्लॅस्टिकचे सापळे टांगलेले होते, कृषी सहायकाने दिलेले. त्यात ह्या अळीच्या पाकोळीचा, म्हणजे पतंगाच्या मादीचा, वास असतो, नर पाकोळी त्या वासाने येते आणि अडकते. बायनाबाईने हे नळावर सांगितलं तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसून झाल्यावर त्यांना ते खोटं वाटायला लागलं. त्या सापळ्यांत नक्की काय भरलंय, असं त्या एकमेकींना विचारू लागल्या.

आमच्याकडे बाई वांगं घेते तेव्हा आधी ते फिरवून भोक बघते. एवढं बघूनही घरी चिरताना दोन-चार किडकी निघतातच, ती बाजूला टाकायची आणि बाकीची फोडणीला घालायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. साखराबाईने बायनाबाईकडून भाजीला वांगी नेली आणि एकातही अळी निघाली नाही. दुसरी कुणी खूश झाली असती. साखराबाई घाबरली. वांग्याच्या फोडी ताटात मांडून ती शेजारणींना दाखवत बसली.

"अळी ज्याला तोंड लावत न्हाई, ते आपुन कावून खायचं?" ती म्हणाली.

हे पत्र्यापलीकडे अंगदपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. अंगदला तर आधीपासूनच शंका होती. वांगं म्हणजे त्याच्या दुकानाचं हक्काचं पीक. वांगी लावणारा माणूस आठवड्याला एकदा तरी त्याची पायरी चढतो. ही बाई एकदाही आली नव्हती. "औषध न मारता वांगं बिनकिडीचं ऱ्हातंय व्हय? बियाणंच वेगळं आसंल," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. आणि मग कुणीतरी तो शब्द उच्चारला: बीटी.

आता आमच्या गावाचं आणि बीटीचं नातं जुनं आहे. कापूस म्हणाल तर बांधापासून बांधापर्यंत बीटी. ह्या एवढ्या वर्षांत बीटीबद्दल आम्ही एकच गोष्ट शिकलो, की ज्याला अळी लागत नाही ते बीटी. आता कापसावरच्या शेंदरी बोंडअळीने तेही खोटं पाडलंय, पण शिकलेलं सहज विसरत नाही. म्हणून अळी नसलेलं वांगं दिसताच गावाने हिशोब मांडला. बीटीच्या वांग्याला सरकारने परवानगी दिलेली नाही, तेव्हा ते चोरून आणलेलं असणार, असंही ठरलं.

त्यातच भगवानराव बीडहून आले. भगवानराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य, विहिरी दोन, मिशा भरघोस. बीडला कसल्याशा सभेत त्यांनी भाषण ऐकलं होतं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. पारावर बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं.

"खायच्या मालात काय हाय, त्ये कसं तयार झालंय, हे मालावर लिव्हलंच पाहिजे. खाणाराचा हक्क हाय तो. आपल्याला न सांगता आपल्या पोटात काय बी घालायचं, हे चालणार न्हाई."

खरं सांगतो, त्यात मला चुकीचं काही वाटलं नाही. माणसाला आपण काय खातो ते कळलंच पाहिजे. पण माझ्या जिभेला खाज फार.

"मालक, घरात तेल कोणतं खाता?" मी विचारलं.

"सरकीचं. कावून?"

"सरकी कोणत्या कापसाची?"

मग भगवानराव म्हणाले, "तेलात अळी आसती का बे?" आणि सगळे माझ्यावर हसले. गावात माझी ओळखच टवाळ म्हणून आहे. टवाळ माणूस खरं बोलला तरी लोक हसून मोकळे होतात.

आणि प्रश्न नुसता खाण्याचा नव्हता. वांगेसट, म्हणजे चंपाषष्ठी, दोन दिवसांवर आली होती. ज्यांच्या घरी खंडोबा आहे, त्या घरांत चातुर्मासापासून सटीपर्यंत वांगं शिजत नाही. सटीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची आणि मगच वांगं तोंडाला लावायचं. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरं खंडोबाची. बायनाबाईने सगळं पीक ह्याच बेताने धरलं होतं. ऐन तोडीला आलेली वांगी, आणि गावाने तोंड फिरवलेलं.

सटीच्या आधीच्या बाजाराला ती सकाळीच माझ्याकडे आली. हातात पुठ्ठा होता.

"बिभीषण भाऊ, पाटी लावा म्हणत्यात ना. लिहून द्या."

मी कापडावर खुणा करायच्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ही वांगी बीटी नाहीत. तिने ती पाटी टोपलीला टेकवून ठेवली आणि शेजारी म्हाळूला बसवलं. माणसं येत, पाटी वाचत, एकमेकांकडे बघत आणि पुढच्या दुकानात जात. पुढच्या दुकानातल्या वांग्यांना भोकं होती आणि ती भराभर खपत होती. उन्हं वर आली तरी बायनाबाईची टोपली भरलेलीच होती. मला तिच्याकडे बघवेना.

मग भगवानराव आले, मागे साखराबाई, त्यांच्यामागे बघे. भगवानरावांनी पाटी उचलून वाचली.

"पाटी काय, कोण बी लिव्हंल. पुरावा काय?"

बायनाबाईने शेंडे खुडायचं सांगितलं, सापळ्यांचं सांगितलं. भगवानरावांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसलेला नाही हे कळत होतं. त्यांचं लक्ष गर्दीत उभ्या असलेल्या अंगदकडे गेलं.

"बियाणं तुझ्या दुकानातलं हाय का बे? चोरून इकतोस काय?"

अंगदचा चेहरा उतरला. बंदीचं बियाणं विकलं असं एकदा तोंडातोंडी झालं की दुकानाचा परवाना जायला वेळ लागत नाही. तो काही बोलायच्या आत बायनाबाई बोलली. आधी तिने टोपलीकडे बघितलं, मग म्हाळूकडे.

"औषध मारते मी," ती म्हणाली. "म्हणून अळी न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिला औषधाच्या नावानेही घाम फुटतो हे मला माहीत होतं. पण अंगदने संधी सोडली नाही. "हां, मारती की. माझ्याकडूनच नेती," तो घाईघाईने म्हणाला.

आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. एवढंच होतं होय, अशा थाटात माणसं हसायला लागली. साखराबाई तर रागावलीच, "आगं मग आधी सांगायचं न्हाई का? जिवाला घोर लावलास." लोक पुढे सरकले. पण साखराबाईने एक वांगं नाकाला लावलं आणि थांबली.

"वास तर येत न्हाई."

भगवानरावांनीही एक वांगं हुंगलं. "उद्या आमी रानातच येतो," ते म्हणाले. "बाटली दाखव, मारलेलं दाखव आन मंग तोड. देवाच्या निवदाचा प्रश्न हाय. खात्री पाहिजे."

बाजार उठल्यावर बायनाबाई अंगदच्या दुकानात आली. मी मशीन थांबवलं.

"लवकर धुऊन जाणारं कोणतं हाय?" तिने विचारलं.

"धुऊन जात न्हाई, ताई. मारल्यावर आठवडाभर वांगं तोडायचं न्हाई."

"सट परवा हाय."

अंगदने दारातून रस्त्याकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मारूच नका की. बाटली ओतून टाका आन रिकामी दाखवा."

"वास घेणार हायत ते, दादा. तुमी बी व्हता तिथं."

मी उठून पत्र्याला वळसा घालून गेलो आणि अंगदला म्हणालो, विकू नकोस. तो म्हणाला, तू तुझी बटणं लाव. बायनाबाईला म्हणालो, घेऊ नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी पारावर बोलून बघितलंत ना, भाऊ?" एवढंच म्हणाली. अंगदने बाटली दिली आणि वापरायला आपला पंपही दिला. बाटली तिने पदरात नाही घेतली, दोन बोटांनी मानेशी धरून लांब धरली.

सकाळी उजाडताच तिने पंप पाठीला लावला, नाकातोंडावर पदर बांधला आणि फवारलं. म्हाळूला घरात बसवून दार लावून घेतलं होतं, पण वास दाराला जुमानत नाही. तो बाहेर आला आणि थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला. मी त्याच्याजवळ बसलो. त्याचे हात त्या दिवशी जास्त थरथरत होते.

मग गाव आलं. बांधावर बाटली ठेवलेली होती, झाकण उघडलेलं. भगवानरावांनी ती उचलून बघितली आणि समाधानाने खाली ठेवली. साखराबाईने वांगं तोडून हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हां, आता कसं." वाफ्यात गर्दी झाली. सगळा तुकडा तासाभरात मोकळा झाला. टोपल्या, पिशव्या, पदर, ज्याला जे मिळालं त्यात वांगी घेऊन माणसं घरी गेली. बायनाबाई पैसे कमरेला खोवत होती आणि तिच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता.

सटीला माझं जेवण अंगदच्या घरी होतं, माझी बायको माहेरी गेली होती म्हणून. तळी उचलून झाली, भंडारा लावून झाला. अंगदची आई भिवराबाई पाटावर बसली होती, बायको सुरेखा वाढत होती. पोरगी आरोही, दुसरीतली, भरीत म्हणजे जीव की प्राण. तिने रोडग्याचा तुकडा भरितात बुडवला तेवढ्यात अंगदने विचारलं, "वांगी कुठली हायत?"

"बायनाबाईची. दुसरी कुणाची?" सुरेखा म्हणाली.

अंगदने पोरीचा हात धरला आणि तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं. पोरगी रडायला लागली.

"आवं, काय झालं?" सुरेखा गोंधळली. "मी सोता रानात जाऊन आणलीत. औषध मारलेली हायत. वास घेऊन बघितला मी."

अंगदने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. जे औषध कालच्या सकाळी मारलं, ज्याचं वांगं आठवडाभर तोडू नये असं तो स्वतः म्हणाला, ते भरितात आहे, एवढंच सांगायचं होतं. पण समोर बायको म्हणत होती की औषध मारलंय म्हणूनच आणली. औषध मारलंय म्हणून खाऊ नको, हे तिला कळलं नसतं. अंगदलाही ते ठाऊक होतं.

"बीटी हाय ती," अंगद म्हणाला.

सुरेखाच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"खोटं बोलू नको," मी म्हणालो. "काल मारलेलं औषध हाय त्यावर, म्हणून ताट ओढलंस."

"औषध तर समदेच मारत्यात, बिभीषण," भिवराबाई मला समजावत म्हणाली. "त्यानं काय व्हतंय?" म्हातारी मनापासून बोलत होती. तोवर सुरेखाने भरिताचं पातेलं उचललं होतं. ते मागच्या दाराशी ठेवून ती पलीकडे साखराबाईला सावध करायला निघूनही गेली.

कृषी सेवा केंद्रवाल्याने स्वतःच्या पोरीच्या ताटातलं भरीत काढून घेतलं, ह्यापेक्षा मोठा पुरावा गावाला कशाला हवा? तास-दोन तासांत गल्लीगल्लीतून पातेली बाहेर आली. कुणाला मळमळलं, कुणाचं डोकं धरलं, पोरांची पोटं बिघडली. का बिघडली हे मला ठाऊक होतं आणि मी ते भगवानरावांच्या घरी जाऊन सांगितलं. ते पलंगावर पोट धरून पडले होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तुला त्या बाईनं किती दिलं बे?" मी परत फिरलो. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी निरोप पाठवला, की झाडं उपटा, नाहीतर आम्ही तालुक्याला कळवतो. बायनाबाई आणि म्हाळूने सगळी झाडं उपटली. बांधावर माणसं उभी होती, नीट उपटतात की नाही ते बघायला. सापळेही काढायला लावले. एकाने ते काठीने लांबूनच ढकलत नेऊन पेटवले.

त्यानंतर बायनाबाई पंप परत द्यायला आली. मी मशीनवर हात ठेवून बसलो होतो.

"दादा, माझी वांगी बीटी हायत म्हणालात?" तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं.

"लेकरू खात व्हतं, ताई. मी दुसरं काय बोलू?"

"खरं बोलायचं."

"खरं बोललो आसतो तर कुणी ताट सोडलं आसतं का? तुमीच सांगा."

गेल्या चार दिवसांत काय काय झालं ते ती आठवत असावी.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणी सोडलं नसतं."

मग पंप फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. "चांगला धुऊन आणलाय," ती म्हणाली. "पोरगी खेळती तुमची हितं. हात लागंल कुठंतरी."

मुकादमाची गाडी उरलेली माणसं न्यायला आली तेव्हा ते दोघं त्यात बसले. अर्धा कोयता म्हणून ती, आणि तिच्यासोबत म्हाळू. तो चढताना त्याला मी आणि आणखी एकाने हात दिला. अंगद दुकानातच होता, तो बाहेर आला नाही.

आठवडाभराने सुरेखा आरोहीला घेऊन ब्लाऊज न्यायला माझ्याकडे आली. सटीला पोरीचं भरीत हुकलं होतं, तेव्हापासून ती हट्ट धरून बसली होती. सुरेखाच्या पिशवीत वांगी होती, काळीभोर, चमकणारी. अंगद गिऱ्हाइकाला बिल देता देता बाहेर आला.

"कुठली आणलीस?" त्याने विचारलं.

"गेवराईच्या बाजारातली," सुरेखा म्हणाली. "काळजी करू नका. इचारून घेतलीत. औषध कालच मारलंय म्हणाला."

अंगदने तोंड उघडलं. मी मशीन थांबवलं. पोरगी पिशवीत हात घालून मोठं वांगं कोणतं ते शोधत होती. ही वांगी बीटी आहेत असं आता म्हणता येत नव्हतं, कारण सुरेखाने गेवराईत तेच आधी विचारलं असणार. आणि अंगदने खरं बोलावं, तर ते ऐकणारं समोर कुणी नव्हतं.

"काय म्हणत व्हता?" सुरेखाने विचारलं.

"काही न्हाई," अंगद म्हणाला. "धुऊन घे नीट."

"धुतेच की," ती म्हणाली आणि पोरीचा हात धरून घराकडे निघाली.